मागचं चाक फिरतं, पण बर्फावर पेडलगाडी जागची हलत नाही: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

पेडलवर चालणारी बर्फगाडी बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार सारखीच असते: नाशिकात झकास चालली, वर बर्फावर नेली आणि जागेवरच फिरायला लागली. अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी अशी गाडी करतात, हौशी सायकलवाले जुन्या फॅटबाईकला (खूप रुंद टायरच्या सायकलला) पुढे स्की, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या पट्ट्या, जोडतात. माझा भाचा लेहला एका होमस्टेवर कामाला आहे, त्याच्यासाठी आम्ही नाशिकच्या सातपूरमधल्या शेडमध्ये तीनचाकी केली, तेव्हा पहिल्याच बर्फात त्याचा फोन आला: "मामा, पाय मारतोय, पण गाडी जागची हलत नाही." यावर उपाय म्हणून जो तो आणखी रुंद टायर नाहीतर मोटर सुचवतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. वजन चुकीच्या चाकावर असतं, गिअर उंच असतो, नाहीतर भुसभुशीत हिमाचा उपाय टणक बर्फावर लावलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय हे अर्ध्या तासात कळू शकतं, फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी बघा, फिरतंय काय

गाडीवर बसा, एकाला मागे उभं करा आणि जोरात एक पाय मारा. मागच्या माणसाने फक्त मागच्या चाकाकडे बघायचं. पेडल गेलं आणि चाक उभंच राहिलं, तर दोष फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे पेडलचा जोर एकाच दिशेने चाकाला देणाऱ्या भागात, आहे. चाक फिरलं आणि गाडी उभी राहिली, तर पकड कमी पडतेय. पेडलच खाली जात नसेल, तर गाडी ओढायला जड आहे किंवा कुठेतरी काहीतरी गोठलंय.

बसलेल्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका. फ्रीव्हील सुटलं काय आणि चाक घसरलं काय, त्याच्या पायाला दोन्ही सारखंच लागतं, पाय एकदम रिकामा जातो. व्हिडिओ मागवायचा असेल तर बाजूने, चाकाच्या उंचीवरून काढलेला मागवा.

चौथी एक शक्यता सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. हवा फार कमी असेल तर रिम टायरच्या आतल्या आत सरकते. चाक फिरल्यासारखं दिसतं, टायर मात्र जमिनीला धरून असतो. निघण्यापूर्वी रिमवरून टायरवर जाणारी खडूची एक सरळ रेघ मारा. दहा-बारा जोरदार पाय मारल्यावर रेघ तुटून दोन भाग पुढेमागे झाले, तर दोष तिथे आहे. याचीच दुसरी खूण म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका होणं. तसाच चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, आणि शून्याखाली पंधरा अंशांत पंक्चर काढणं हे बोटांचं काम राहत नाही. टायर रिमवर घट्ट बसणारा निवडा, नाहीतर हवा एक-दोन पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) वाढवा.

फ्रीव्हील रिकामं जात असेल तर

फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते आणि ते दात्यांत अडकतात. आपल्याकडच्या हवेसाठी भरलेलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, स्प्रिंगचं बळ त्यापुढे पुरत नाही आणि खटका अर्धवट आतच राहतो. नाशिकात हा दोष कधी दिसणारच नाही, निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही नाही.

तपासायला लेहला जावं लागत नाही. फ्रीव्हील किंवा अख्खं हब (चाकाचा मधला भाग) कोरड्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या फ्रीझरच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. चांगला फ्रीझर उणे १८ च्या जवळ जातो. सकाळी बाहेर काढल्या काढल्या कानाशी धरून उलटं फिरवा. खडखडीत, सुटी टिकटिक आली तर ठीक. आवाज दबलेला, मऊ आला, मधली एखादी टिक गळाली, तर तेच हब बर्फावर दगा देणार. अख्खी गाडी तपासायची असेल तर गोठवलेले मटार-मका ठेवणारं शीतगृह गाठा. पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षांची शीतगृहं या कामाला चालत नाहीत, द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास ठेवतात आणि तेवढ्यात ग्रीस काही बिघडत नाही.

उपाय सोपा आहे. जुनं ग्रीस डिझेलने पूर्ण धुऊन काढा, हब वाळू द्या आणि उणे ४० पर्यंत चालतं असं डब्यावर छापलेलं पातळ सिंथेटिक तेल मोजके थेंब टाका. बेअरिंगला त्याच दर्जाचं ग्रीस. वाटेतच खटके मेले तर मागची सर्वांत मोठी दातेरी चकती तारेने किंवा जाड केबल-टायने चार-पाच ठिकाणी आऱ्यांना बांधा. मग पेडल थांबवता येत नाही, ते चाकाबरोबर फिरतच राहतं, पण हळू चालवत घरी पोचता येतं. उतार आला तर खाली उतरून चाला.

आणखी एक. गाडी रात्री उबदार खोलीत आणू नका. गार लोखंडावर खोलीतल्या हवेचं दव धरतं, ते हबमध्ये आणि केबलच्या नळीत उतरतं, आणि सकाळी बाहेर काढली की तिथेच गोठतं. बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोरडी उभी केलेली गाडी बरी.

चाक फिरतं, गाडी नाही: खरा घोळ इथे आहे

कांद्याची गोणी टांगून वजन करायचा हुकवाला काटा घ्या. ५० किलोचा पुरतो. गाडीच्या पुढे दोरी बांधा, नेहमीच्या माणसाला नेहमीच्या सामानासकट वर बसवा, आणि सपाट जागेवर काट्याने सावकाश, एकसारखं ओढा. गाडी चालू असताना काटा जे दाखवेल ती तुमची ओढ. मग मागचा ब्रेक करकचून बांधा आणि पुन्हा ओढा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा, ही तुमच्या मागच्या चाकाची पकड.

पकड ओढीच्या निदान दीडपट हवी, दुप्पट असली तर निवांत. दीडपट का? पेडलचा जोर एकसारखा येत नाही. क्रँक (पेडलचा दांडा) आडवी असताना तो सर्वांत जास्त असतो, उभी असताना जवळजवळ शून्य, आणि कमाल जोर सरासरीच्या साधारण दीडपट भरतो. गाडी सरासरीवर चालते, पण चाक घसरतं त्या कमाल क्षणी. एकदा घसरलं की खालचं हिम घासून गुळगुळीत होतं, खड्डा पडतो आणि पुढच्या पायाला पकड आणखी कमी मिळते. म्हणून "जोर लावला की जास्तच रुतते" ही तक्रार अगदी खरी आहे.

आता वजनाचं गणित बघू. पुढे दोन स्की आणि मागे एक चालतं चाक, अशी तीनचाकी धरा. माणूस ७५ किलो, गाडी २५, एकूण १००. या घडणीत बहुतेक वेळा ६० किलो पुढे पडतात आणि ४० मागे. तुडवलेल्या हिमावर टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर मागची पकड झाली १० किलो. स्कीची ओढ पुढच्या वजनाच्या आठ टक्के धरली तर ५ किलो, टायरची एक-दोन. सपाटीवर कशीबशी निघते. पाच टक्के चढ आला की १०० किलोंवर आणखी ५ किलोची ओढ चढली, आणि संपलं. त्र्यंबक रस्त्यावर जो चढ तुम्हाला जाणवतही नाही, तो तिथे गाडी उभी करतो.

याच गाडीचं वजन उलटं केलं, ६० मागे आणि ४० पुढे, तर पकड १५ होते आणि स्कीची ओढ तीनवर येते. एक पैशाचा टायर बदललेला नाही. सीट किती सरकवायची याचा हिशोब असा: पुढचा आणि मागचा आस यांच्यात १०० सेंटिमीटर अंतर असेल, तर ७५ किलोचा माणूस १० सेंटिमीटर मागे सरकला की साडेसात किलो पुढून मागे जातात. पाण्याच्या बाटल्या, हवेचा पंप, अवजारांची पेटी, सगळं मागच्या चाकावर. मात्र पुढे एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवू नका. हँडल वळवूनही गाडी सरळ जायला लागते आणि चढावर पुढचा भाग उचलतो. वजन मोजायला घरातले दोन काटे पुरतात, एक स्कीखाली आणि एक चाकाखाली, चाकं एका पातळीत ठेवून.

स्कीचा तळही बघा. नुसत्या लोखंडी पट्टीला ओलं हिम चिकटतं. कठीण पॉलिथिनचा तळ, खास करून यूएचएमडब्ल्यू म्हणतात तो, हलका सरकतो आणि अंबड-सातपूरला पत्र्याच्या मापात कापून मिळतो. फक्त फार कडक थंडीत, उणे २० च्या खाली, सगळ्याच स्की जड जातात. त्या थंडीत हिमाचे कण वाळूसारखे कोरडे वागतात. त्या दिवशी ओढ वाढली तर गाडीत दोष शोधत बसू नका.

गिअर: पाय हलका, चाक सावकाश

आपल्याकडच्या साध्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८. मिनिटाला ६० पाय मारले तर २६ इंची जाड टायरवर हा वेग ताशी २० किलोमीटर होतो. तो बर्फावर कुणालाच मिळत नाही. साधा तंदुरुस्त माणूस तासभर १०० वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो. ताशी पाच किलोमीटरला त्यातून सात किलोचा जोर निघतो. म्हणजे काट्यावर तुमची ओढ सात किलो आली असेल तर वेग पाचचाच, आणि गिअरही पाचचाच हवा: पुढे २२, मागे ३६. याहून उंच गिअरवर तुम्ही पेडलवर उभे राहता, जोर धक्क्याधक्क्याने जातो आणि चाक सुटतं.

ओढ १४ किलो आली असेल तर वेग अडीचवर येतो. माणूस त्याहून भरभर चालतो. त्या हिमावर पेडलगाडी घेऊन जाऊच नये, मग ती कितीही चांगली बनवलेली असो.

हवा किती, आणि कुठे भरलेली

टायर जमिनीवर साधारण स्वतःच्या आतल्या हवेइतकाच दाब देतो. पाच पीएसआय हवा असेल तर हिमावरही जवळजवळ पाच. बूट घालून दोन्ही पायांवर उभा असलेला माणूस तीनच्या आसपास दाब देतो, चालताना एका पायावर त्याच्या दुप्पट. स्नोमोबाईलचा (बर्फावरच्या मोटरगाडीचा) पट्टा अर्ध्या पीएसआयच्या आसपास. याचा अर्थ फॅट टायर म्हणजे हिमावर तरंगणारी जादू नव्हे. जिथे बूट गुडघाभर रुततो तिथे तोही रुतणार.

उत्तर अमेरिकेतल्या फॅटबाईकच्या वाटांवर एक साधा दंडक पाळतात: चाकाचा चर इंचापेक्षा खोल पडायला लागला की वाट मऊ आहे, परत फिरा. २०१३ च्या डिसेंबरात मारिया लायरस्टॅम ही ब्रिटिश बाई किनाऱ्याकडून दक्षिण ध्रुवापर्यंत पेडल मारत पोचली, तीही तीनचाकीवर, जाड टायर आणि फार खालचे गिअर लावून. तिने धरलेली वाटही ट्रॅक्टरनी दाबून घट्ट केलेली होती. म्हणून भाच्याला माझं पहिलं सांगणं टायरचं नव्हतंच: "आदल्या संध्याकाळी वाट तुडवून ठेव, सकाळी गाडी काढ." दाबलेल्या हिमाचे कण रात्रीतून एकमेकांना धरतात आणि तीच वाट सकाळी बरीच टणक लागते.

हिमावर तीन ते पाच पीएसआयने सुरुवात करा. पण हा आकडा जिथे चालवणार तिथेच मोजा. हवेचा काटा फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते दाखवतो, आणि साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवाच विरळ असते. नाशिकात ३० अंशांत ८ पीएसआय भरून पाठवलेला टायर लेहच्या उबदार खोलीत ११-१२ दाखवेल आणि बाहेर उणे १५ मध्ये ९ च्या आसपास येईल. खोलीत मोजून "कालच कमी केली होती" म्हणणाऱ्याचा टायर बाहेर वेगळाच असतो. गाडी तासभर बाहेर उभी करा आणि मग मोजा. काटाही कमी दाबाचा, ० ते १५ चा हवा, मोटारसायकलच्या काट्यावर तीन आणि पाच यांतला फरक दिसतच नाही.

टणक बर्फावर सगळं उलटं

गोठलेल्या तळ्यावर, रात्री गोठलेल्या रस्त्यावर रुंद टायरचा फायदा जवळपास शून्य. तिथे रुतण्याचा प्रश्नच नाही, घुसण्याचा आहे. रबर बर्फावर अगदी कमी धरतं, आणि सर्वांत वाईट अवस्था कडाक्याच्या थंडीत नसते, ती शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असताना असते. दुपारी ऊन पडल्यावर गाडी घसरायला लागली, अशी तक्रार आली की कारण हेच.

इथे खिळेच लागतात. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे तयार टायर मिळतात, ते उत्तम. घरी करायचे असतील तर आतून बाहेर स्क्रू घाला, टोक तीन मिलिमीटरपर्यंत बाहेर, आणि आतून स्क्रूच्या डोक्यांवर जुन्या ट्यूबची पट्टी घाला. साध्या स्क्रूची टोकं डांबरावर दोन-तीन फेऱ्यांतच बोथट होतात, म्हणून बर्फापर्यंत गाडी उचलून न्या. खिळे फक्त मागच्या चाकाला लावून भागत नाही. पुढे स्की असतील तर त्यांच्या खाली मधोमध लांबट, धारदार पोलादी पट्टी हवी, नाहीतर मागचं चाक ढकलत राहतं आणि वळणावर स्की सरळ पुढे निघून जातात.

खिळ्यांनी भुसभुशीत हिमावर फरक पडत नाही आणि रुंद टायरने टणक बर्फावर. दोन्ही प्रकार एकाच दिवसात लागणार असतील तर रुंद आणि खिळ्यांचा टायर घ्यावा लागतो, तो महाग आणि जड आहे, पण तडजोड करायची तर तिथेच करू नका.

नाशिकात तपासायचं कसं

गोदावरीच्या वाळूत गाडी चालली म्हणून बर्फावर चालेल असं नाही. वाळूत चाक रुततं हे खरं, पण कोरड्या वाळूची पकड हिमापेक्षा कितीतरी जास्त असते. वाळूची चाचणी रुतण्याबद्दल थोडं सांगते, घसरण्याबद्दल काहीच नाही.

त्यापेक्षा घोटीच्या भात गिरण्यांतून तूस आणा. सुट्या तुसाचं वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतं, ताज्या भुरभुरीत हिमाच्या जवळपास. फळ्यांच्या चौकटीत फूटभर पसरा आणि काट्याने ओढ मोजा. चाक किती खोल जातं, स्कीची टोकं खाली घुसतात का, स्कीच्या पुढच्या बाकाला उंची पुरते का, हे सगळं दिसतं. मर्यादा एवढीच की तूस हिमासारखं दाबून धरत नाही, म्हणून इथली ओढ थोडी जास्तच येईल. पकड तपासायला बर्फ कारखान्यातून लाद्या आणा, ओळीने मांडा आणि फक्त मागचं चाक त्यावर ठेवून, ब्रेक बांधून ओढा. खिळ्यांचा टायर आणि साधा टायर यांच्या आकड्यांतला फरक बघितला की वाद मिटतो. बर्फ वितळायच्या आत उरका. पाणी सुटल्यावर आकडे आणखी खाली येतात, तेही लिहून ठेवा, कारण लेहची दुपार तशीच असते.

उरलेल्या तक्रारी, थोडक्यात

चेन उडते: मागच्या दातेरी चकत्यांच्या मध्ये हिम दाबून बसलं आहे. लाकडी काडीने काढा, गरम पाणी ओतू नका. गिअर बदलत नाही: केबलच्या नळीत पाणी गोठलं आहे, नळी काढून स्पिरिटने धुवा आणि कोरडी बसवा, ग्रीस भरू नका. रिमला धरणारे ब्रेक बर्फ धरलेल्या रिमवर कामाचे नाहीत, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक लावा.

चाकाऐवजी रबरी पट्टा लावावा का, हे हमखास विचारतात. पट्टा वजन पसरवतो, खरं आहे, पण स्वतः वाकताना आणि रोलरवर फिरताना ताकद खातो. मोटरच्या गाडीला ते परवडतं, १०० वॅटच्या माणसाला नाही. लावायचाच तर पट्ट्याला मोठ्या खिडक्या ठेवा, म्हणजे आत शिरलेलं हिम बाहेर पडेल, आणि बर्फावर नेण्याआधी गाडी जॅकवर उचलून नुसता पट्टा हाताने फिरवून बघा. हाताला जड लागला तर पायालाही लागणारच.

गोठलेल्या पाण्यावर चालवणार असाल तर एका माणसासाठी निदान १० सेंटिमीटर स्वच्छ, पारदर्शक बर्फ असावा लागतो, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. माणूस आणि गाडी मिळून १०० किलो, त्यामुळे त्याहून थोडा जास्तच धरा. दुधाळ, पांढरा बर्फ त्यापेक्षा कमजोर असतो. वाहत्या नदीवर जाडी पावलागणिक बदलते, त्यामुळे एका ठिकाणी भोक पाडून मोजलेला आकडा दहा पावलांवर उपयोगाचा नसतो. तिथला माणूस ज्या जागेला वळसा घालून जातो, तिथे चाक घालू नका.